टपाली मतदान : गोव्यातील निवडणूक कार्यालयांची सिद्धता

टपाली मतदान म्हणजे मतदान केंद्रावर न जाता मतपत्रिका बंद पाकिटातून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचवून मत देणे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 चे कलम 60 आणि निवडणूक संचालन नियम, 1961 हे या पद्धतीचे कायदेशीर आधार होत.

या पद्धतीचा उगम अमेरिकी यादवी युद्धातील (1861–65) सैनिकांच्या मतदानात शोधण्याचा प्रघात आहे. तथापि त्या वेळी अनेक राज्यांच्या सैनिकांनी छावणीतच मतपेटीत मते टाकली होती. त्यामुळे पश्चिम ऑस्ट्रेलियात बहुधा 1877 च्या सुमारास झालेली तरतूद हे आजच्या पद्धतीचे अधिक जवळचे पूर्वरूप मानणे सयुक्तिक ठरेल. भारतात सेनादलातील मतदारांना ही सोय पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आहे. गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक मुक्तीनंतर, डिसेंबर 1963 मध्ये झाली.

सेवा मतदारांकडे (म्हणजे सेनादले व तत्सम शासकीय सेवांतील मतदारांकडे) मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची तरतूद 2016 मध्ये झाली. भरलेली मतपत्रिका मात्र टपालानेच परत येते. अपंग व ज्येष्ठ मतदारांचा समावेश 2019 मध्ये झाला, आणि ज्येष्ठांसाठीची 80 वर्षांची वयोमर्यादा 2024 मध्ये 85 करण्यात आली. अशा मतदाराचा नमुना 12-घ मधील अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत कार्यालयात पोहोचावा लागतो. अर्ज मंजूर झाल्यावर मतदार यादीत त्याच्या नावापुढे तशी खूण केली जाते व त्याला केंद्रावर मत देता येत नाही. दुबार मतदान रोखणारी ही खूण याद्या केंद्रांवर रवाना होण्यापूर्वी पडणे अत्यावश्यक असते.

सुरक्षिततेचा खरा भार पाकिटांच्या रचनेवर आहे. मतपत्रिका आतल्या पाकिटात (नमुना 13-ख) बंद केली जाते. ते पाकीट आणि मतदाराचे साक्षांकित घोषणापत्र (नमुना 13-क) बाहेरच्या पाकिटात (नमुना 13-ग) ठेवतात. मोजणीच्या वेळी आधी घोषणापत्र तपासले जाते. त्यावरील अनुक्रमांक आतल्या पाकिटावरील क्रमांकाशी जुळला तरच ते पाकीट उघडतात; म्हणजे ओळख पटते, पण मत कोणाला दिले हे त्या टप्प्यावर दिसत नाही. घोषणापत्र नसल्यास किंवा साक्षांकन अपुरे असल्यास मतपत्रिका न उघडताच बाद होते. म्हणून कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावयास हवा.

मोजणी सुरू होण्याच्या नियत वेळेपर्यंत आलेली पाकिटेच ग्राह्य असतात. गोव्यात 2022 साली मतदान 14 फेब्रुवारीला व मोजणी 10 मार्चला झाली. इतके दिवस पाकिटे येत राहिली, तर त्यांची नोंद आणि सुरक्षा कक्षातील पहारा हेच विश्वासाचे आधार उरतात. निवडणूक कामावरील कर्मचाऱ्यांनी त्यांच्यासाठी उभारलेल्या मतदान-सुविधा केंद्रातच मत द्यावे, या 2023 च्या दुरुस्तीने त्यांच्यापुरता हा धोका बराच कमी केला. चाळीस लहान मतदारसंघांच्या या राज्यात थोडी मतेही निर्णायक ठरतात: 2022 मध्ये सेंट आंद्रे येथील निकाल 76 मतांनी लागला. विजयाचे मताधिक्य बाद टपाली मतांपेक्षा कमी असल्यास निकालापूर्वी त्या सर्व बाद मतांची फेरतपासणी अनिवार्य आहे.

परदेशस्थ भारतीय मतदारांना टपाली मतदानाचा हक्क नाही. व्यापारी जहाजांवरील खलाशीही सेवा मतदारांत मोडत नाहीत, आणि गोव्यातील अनेक तारवटी (खलाशी) कुटुंबांतील मतदार त्यामुळे या सोयीबाहेर राहतात.