उबेदा की बाएथा? एकाच डोंगरधारेवरची दोन गावं

उबेदा आणि बाएथा ही नावं बहुतेक प्रवासी एका दमात घेतात. परत आल्यावर फोटो चाळताना मात्र कुठली कमान कुठल्या गावची, हे त्यांना सांगता येत नाही. यात नवल नाही. दोन्ही गावं स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियातल्या हाएन प्रांतात आहेत आणि त्यांच्यात जेमतेम ९ किलोमीटरचं अंतर आहे. दोन्ही ‘ला लोमा’ नावाच्या लांबट डोंगरधारेवर वसलेली. खाली ग्वादालकिविर नदीचं खोरं, आणि नजर पोचेल तिथवर ऑलिव्हची झाडं. दोन्हीकडे तोच पिवळसर वालुकाश्म, दोन्हीकडे सोळाव्या शतकाचा दिमाख, आणि दोन्हीकडे आंद्रेस दे वान्देलवीरा या एकाच वास्तुकाराचं नाव. २००३ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही एकाच नोंदीत.

तरीही या गावांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. तो ओळखायला शैलीपेक्षा एक साधा प्रश्न जास्त कामाला येतो: ही इमारत कुणाच्या पैशातून उभी राहिली? उबेदात बहुतेक वेळा उत्तर येतं, एका घराण्याच्या. बाएथात उत्तर येतं, संस्थेच्या: बिशपचं धर्मपीठ, विद्यापीठ, सेमिनरी म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, नगरसभा. हा धागा हातात धरून दोन्ही गावं फिरलात, तर पुन्हा गोंधळ होणार नाही.

सुरुवातीचा इतिहास दोघांचा सारखाच. स्पेनमधल्या कास्तीया या ख्रिस्ती राज्याच्या तिसऱ्या फेर्नान्दो राजानं बाएथा १२२७ साली आणि उबेदा १२३३ साली मुस्लिम सत्तेकडून घेतलं. पुढची अडीच शतकं ही सरहद्दीची ठाणी होती. दक्षिणेला ग्रानादाचं मुस्लिम राज्य होतं. सरहद्दीवरच्या सरदारांना बाहेरच्या शत्रूइतकंच आपापसांतलं वैर प्रिय होतं. बाएथात बेनाविदेस आणि कार्वाखाल या घराण्यांचे तंटे इतके विकोपाला गेले की इसाबेल राणीनं १४७६ साली तिथला बालेकिल्ला पाडायचा हुकूम दिला. १४९२ साली ग्रानादा पडलं आणि सरहद्दच उरली नाही. तटबुरुजांवर जाणारा पैसा आता दर्शनी भिंतींवर खर्च होऊ लागला. इथून पुढे दोन्ही गावांच्या वाटा वेगळ्या होतात.

उबेदाची वाट एका माणसानं ठरवली. फ्रान्सिस्को दे लोस कोबोस हा तिथल्या कुलीन, पण फारशा श्रीमंत नसलेल्या घरातला मुलगा. तो पाचव्या कार्लोस सम्राटाचा सचिव झाला आणि पुढे साम्राज्यातल्या सगळ्यात प्रभावी माणसांपैकी एक ठरला. अमेरिकेतल्या वसाहतींत सोनं-चांदी वितळवून त्यावर शिक्का मारण्याच्या कामाचं शुल्क त्याच्याकडे जात असे. हा पैसा लढाईतून आलेला नव्हता, शेतीतूनही नव्हता. तो दफ्तरातून, सहीतून आणि टक्केवारीतून आलेला होता. तो पैसा त्यानं आपल्या गावात दगडात ओतला.

त्या पैशातून उभी राहिलेली वास्तू म्हणजे ‘साक्रा कापिया देल साल्वादोर’, तारणहाराचं पवित्र प्रार्थनागृह. गोंधळाची पहिली मोठी जागा हीच. वास्केस दे मोलिना चौकात पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की समोर तिचा भव्य दर्शनी भाग दिसतो, आणि माणूस सहज म्हणून जातो की हे उबेदाचं कॅथिड्रल. कॅथिड्रल म्हणजे बिशपच्या पीठाचं चर्च, आणि उबेदाला कॅथिड्रल नाही. साल्वादोर साधं धर्मग्रामाचं चर्चही नव्हतं. कोबोसनं स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी बांधून घेतलेलं ते दफनस्थान. आजही त्याची मालकी एका सरदार घराण्याच्या प्रतिष्ठानाकडे आहे, चर्चच्या धर्मप्रांताकडे नाही. आराखडा १५३६ साली दिएगो दे सिलोए यानं केला. सिलोए म्हणजे ग्रानादाच्या कॅथिड्रलचा वास्तुकार, त्या काळात स्पेनमधल्या मोजक्या मोठ्या नावांपैकी एक. प्रत्यक्ष काम वान्देलवीरानं पुढे नेलं, आणि १५५९ साली वास्तूचा अभिषेक झाला. तोवर कोबोसला जाऊन बारा वर्षं झाली होती.

आत गेल्यावर आराखड्याची गंमत कळते. पुढे एक लांब दालन आणि टोकाला, वेदीच्या जागी, घुमट असलेलं वर्तुळाकार दालन. जेरुसलेममध्ये येशूच्या कबरीवर उभारलेल्या गोल वास्तूची ही आठवण आहे. आपली कबर त्या कबरीच्या नमुन्यावर असावी, एवढी या सचिवाची हौस! दरवाजावरच्या कमानीच्या आतल्या बाजूला मान वर करून जरूर पाहा. तिथे ग्रीक-रोमन देवता कोरल्या आहेत. ख्रिस्ती दफनस्थानाच्या दारात! हे शिल्पकाम एस्तेबान खामेते या मूळच्या फ्रेंच शिल्पकाराचं. पुढे कुएन्का इथल्या धर्मन्यायालयानं, म्हणजे इन्क्विझिशननं, त्याच्यावर पाखंडाचा खटला चालवला होता.

१९३६ साली, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, या वास्तूवर मोठा घाला पडला. मुख्य वेदीवरचा आलोन्सो बेरुगेतेचा शिल्पपट फोडला गेला. त्यातली ख्रिस्ताची मूर्ती तेवढी मूळची उरली, बाकीच्या नंतर नव्यानं केलेल्या. कोबोसला व्हेनिसकडून भेट मिळालेला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा बालरूपातला संगमरवरी पुतळाही तेव्हाच फुटला. तो तरुण मायकेलअँजेलोच्या हातचा असल्याचं अनेक अभ्यासक मानतात. उरलेले तुकडे पुढे फ्लॉरेन्सच्या शिल्पसंवर्धन केंद्रात गेले. तिथे बऱ्याच वर्षांच्या कामानंतर पुतळा पुन्हा उभा राहिला आणि उबेदाला परत आला. त्याच्यावर जोडाच्या खुणा उघड दिसतात, आणि त्या तशाच दिसू दिल्या हे मला फार आवडतं. झालेली इजा लपवलेली नाही.

त्याच चौकात, पश्चिम टोकाला, सांता मारिया दे लोस रेआलेस आल्काथारेस आहे. गावाचं मुख्य चर्च म्हणायचं तर ते हेच. जुन्या मशिदीच्या जागेवर, शतकानुशतकं भर पडत उभं राहिलेलं: गॉथिक पद्धतीचा ओवऱ्यांचा चौक, नंतरची दारं, नंतरची छपरं. दुरुस्तीसाठी १९८३ साली बंद झालेलं हे चर्च २०११ साली उघडलं. साल्वादोरसमोर ते विस्कळीत वाटतं, पण एका माणसाच्या पैशातून एका झटक्यात उभी राहिलेली वास्तू आणि गावानं हळूहळू वाढवलेली वास्तू यांतला फरक बघायला याहून चांगली जागा नाही. त्याच्यासमोरचा पालासिओ दे लास कादेनास, म्हणजे साखळ्यांचा वाडा, कोबोसच्या नात्यातल्या हुआन वास्केस दे मोलिनाचा. तीन मजले आणि वरच्या मजल्यावर खांबांऐवजी माणसांच्या आकृती. आज त्यात नगरपालिकेची कचेरी आहे. चौकातला देआन ओर्तेगाचा वाडा १९३० पासून सरकारी हॉटेल आहे. गावाच्या पश्चिमेकडचं सांतियागो रुग्णालय (१५६२-१५७५) हेही वान्देलवीराचंच, आणि देणगीदार पुन्हा त्याच घराण्यातला: बिशप दिएगो दे लोस कोबोस. उबेदात कुठल्याही गल्लीत शिरा, हे आडनाव आडवं येतंच.

आता बाएथा. गाव लहान, उबेदाच्या निम्म्याहून कमी वस्तीचं. इथे मात्र कॅथिड्रल आहे. या भागाचं धर्मपीठ तेराव्या शतकातच हाएन शहरात हलवलं गेलं, तरी बाएथाच्या चर्चचा कॅथिड्रल हा दर्जा राहिला. म्हणून एकाच धर्मप्रांताला दोन कॅथिड्रलं आहेत. त्याच्या पश्चिमेचा ‘चंद्राचा दरवाजा’ तेराव्या शतकातला, घोड्याच्या नालासारख्या कमानीचा. मुस्लिम कारागिरांची पद्धत ख्रिस्ती सत्तेतही किती सहज चालू राहिली, ते त्यात दिसतं. मनोऱ्याच्या खालच्या भागात जुन्या मिनाराचे अवशेष आहेत. १५६७ साली या वास्तूचा मोठा भाग कोसळला आणि उभारणीचं काम वान्देलवीराकडे आलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १५९३ साली पुरं झालं.

वान्देलवीराचं खरं कसब कुठे पाहावं, असं कुणी विचारलं तर मी साल्वादोरचं नाव न घेता या कॅथिड्रलमध्ये छताकडे बघायला सांगेन. प्रत्येक चौरसावर एक दगडी छत आहे: चार कोपऱ्यांत धरलेला रुमाल वाऱ्यानं वर फुगावा तसं. अर्धगोल घुमट चारी बाजूंनी उभा कापला की हा आकार मिळतो. त्यातला प्रत्येक दगड वेगळ्या कोनात आणि वेगळ्या वक्रतेत घडवावा लागतो. मोजणी चुकली तर तो जागेवर बसत नाही. वान्देलवीरा मूळचा पाथरवट, त्याला हे गणित हातानं येत होतं. त्याचा मुलगा आलोन्सो यानं पुढे दगड कापण्याच्या भूमितीवर एक ग्रंथ लिहिला. ही पद्धत आणि हे आराखडे पुढे लॅटिन अमेरिकेतल्या बांधकामांपर्यंत पोचले, आणि युनेस्कोच्या नोंदीचं ते एक महत्त्वाचं कारण आहे. गोव्याच्या वाचकाला एक गोष्ट लगेच जाणवेल. जुन्या गोव्याचं से कॅथिड्रल याच काळातलं, १५६२ साली सुरू झालेलं. पण त्याच्या जांभ्या दगडाच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा आहे. इथे वालुकाश्म उघडाच ठेवला आहे, त्यामुळे प्रत्येक सांधा आणि टाकीचा प्रत्येक घाव दिसतो. कारागिराला लपायला जागाच नाही.

कॅथिड्रलसमोरच्या चौकात १५६४ चं सांता मारिया कारंजं आहे. त्याला विजयकमानीचा आकार आहे, आणि हा विजय गावात पाणी आणल्याचा आहे. एखाद्या घराण्याचा मोठेपणा मिरवायला ते बांधलेलं नाही. त्याच चौकातल्या सान फेलिपे नेरी सेमिनरीच्या भिंतींवर विद्यार्थ्यांनी पदवी मिळाल्यावर लाल रंगात रंगवलेली नावं आणि चिन्हं आजही आहेत. थोडं खाली जुनं विद्यापीठ. १५३८ साली तिसऱ्या पॉल पोपच्या आज्ञापत्रानं ते स्थापन झालं आणि एकोणिसाव्या शतकात बंद पडलं. नंतर तिथे माध्यमिक शाळा आली. कवी आन्तोनियो माचादो १९१२ ते १९१९ इथे फ्रेंच शिकवत होते आणि त्यांचा वर्ग जपून ठेवला आहे. नुकतीच पत्नी वारलेली, त्यात आडगावची नोकरी. पण या गावाला शिक्षकांचं कौतुक जुनंच होतं.

आणखी एक सावधगिरी. युनेस्कोच्या नोंदीच्या शीर्षकात प्रबोधनकाळाचा उल्लेख आहे म्हणून बाएथातलं सगळंच त्या काळातलं समजू नका. हाबाल्किन्तोचा वाडा त्याच्या आधीचा, पंधराव्या शतकाच्या अखेरचा, उत्तर-गॉथिक घाटाचा: भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड, कडेला गोल स्तंभ आणि त्यांच्या माथ्यावर लटकत्या झुंबरांसारखी कोरीव रचना. साखळ्यांच्या वाड्याशी त्याची गल्लत होते, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर एकात शिस्त आहे आणि दुसऱ्यात उधळण. हा वाडा मात्र बेनाविदेस घराण्याचा. म्हणजे खासगी पैसा इथेही होताच, पण तो गावावर छाप पाडू शकला नाही. आज त्यात विद्यापीठाचे वर्ग भरतात. त्याच्यासमोर सांता क्रुथचं छोटं चर्च आहे, गॉथिकच्याही आधीच्या रोमनेस्क पद्धतीचं. आंदालुसियात ही पद्धत फार थोड्या ठिकाणी सापडते. ते चुकवू नका.

बेनाविदेस घराण्यानं बाएथात स्वतःची साल्वादोर उभारायचा प्रयत्न केलाही होता. सान फ्रान्सिस्को मठात वान्देलवीराकडून त्यांनी कुटुंबाचं दफनस्थान बांधून घेतलं आणि जाणकार ते त्याच्या सर्वोत्तम कामांत धरतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आधी भूकंप आणि मग फ्रेंच सैन्याची लूट, यांत छत गेलं. आज भिंती, काही कोरीव काम आणि वर मूळ छताची रेषा दाखवणाऱ्या धातूच्या कमानी एवढंच आहे. ही कल्पना मला मनापासून पटते. काय गेलं ते कळतं, आणि खोटं काही उभं केलेलं नाही.

दोन गावांतला फरक त्या काळच्या लोकांनाही जाणवत होता. क्रुसाचा संत योहान, स्पेनचा गूढवादी संतकवी, १५७९ पासून बाएथातल्या कार्मेलाइट या संन्यासी पंथाच्या महाविद्यालयाचा प्रमुख होता. १५९१ साली आजारी पडल्यावर उपचारासाठी बाएथा की उबेदा असं त्याला विचारलं गेलं, तेव्हा त्यानं उबेदा निवडलं; बाएथात सगळे ओळखत होते, उबेदात कुणी ओळखत नव्हतं. डिसेंबरात तो तिथेच वारला. दोन वर्षांनी त्याचा देह गुपचूप सेगोव्हियाला नेला गेला आणि उबेदानं थेट पोपकडे दाद मागितली. अखेर त्याचे काही अवशेष गावाला परत मिळाले.

जाणार असाल तर रेल्वेच्या नावानं फसू नका. ‘लिनारेस-बाएथा’ स्थानक बाएथाच्या वेशीवर नाही. ते लिनारेसच्या बाजूला आहे आणि तिथून पुढे बस किंवा गाडी लागते. दोन गावांमध्ये मात्र बसनं पाऊण तासही लागत नाही. सकाळी बाएथा आणि दुपारनंतर उबेदा हा क्रम बरा, कारण साल्वादोरचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे आणि त्यावरचं कोरीव काम मावळतीच्या उन्हातच नीट वाचता येतं.