एकांतकोठडीत इच्छाशक्ती कशी टिकते?

तुरुंगात गेल्यावर माणसाच्या हातून आधी सुटतात ते बारीकसारीक निर्णय. दिवा कधी मालवायचा, अंघोळ कधी करायची, सगळं दुसराच ठरवतो. मेंदूच्या दृष्टीने हा तोटा फार मोठा आहे.

तो किती मोठा, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. दोन उंदरांच्या शेपटीला एकाच वेळी सारखाच विजेचा झटका देतात. पहिल्याने समोरचं चाक फिरवलं की दोघांचाही झटका थांबतो. दुसऱ्याच्या हातात काहीच नसतं. वेदना दोघांना तेवढीच, तरी नंतर दुसराच हातपाय गाळतो. त्याच्या मेंदूच्या देठातला डॉर्सल रॅफे हा पेशींचा पुंजका सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन भरमसाट सोडत राहतो. पहिल्याच्या मेंदूचा पुढचा भाग ‘हे माझ्या हातात आहे’ असं ओळखून त्या पुंजक्याला आवर घालतो. अशा उंदराला पुढे न थांबवता येणारे झटके दिले, तरी तो सहसा खचत नाही. स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये यावरून आपलाच जुना सिद्धांत उलटा केला: हतबलता शिकावी लागत नाही, ती आपसूक येते, शिकावा लागतो तो ताबा.

उंदरांवरून माणसाबद्दल जपूनच बोलायला हवं. पण एकांतवासातून तगून आलेल्यांचे अनुभव याच दिशेने जातात. हंगेरीत जन्मलेल्या डॉ. एडिथ बोन यांना १९४९ मध्ये बुडापेस्टमध्ये अटक झाली, तेव्हा त्या साठीच्या होत्या. खटल्याविना सात वर्षं त्या एकट्या कोठडीत होत्या. त्यांनी शिळ्या पावाच्या गोळ्यांची मणीपाटी केली आणि आपल्याला येणाऱ्या भाषांतले शब्द आठवून मोजले. पावाचीच अक्षरं करून कविता जुळवल्या. ओळखीच्या शहरांतून मनातल्या मनात फेरफटका मारला. या कामांना पहारेकऱ्याची परवानगी लागत नव्हती आणि काल कुठवर आलो हे आज मोजता येत होतं. माझ्या मते खरी किल्ली इथेच आहे. सगळी भिस्त सुटकेच्या तारखेवर ठेवली, तर ताबा पुन्हा तुरुंगाकडेच जातो. व्हिएतनाम युद्धात हनोईच्या तुरुंगात सात वर्षांहून अधिक काळ काढलेले अमेरिकी नौदल अधिकारी जेम्स स्टॉकडेल सांगत, की ‘नाताळपर्यंत सुटू’ म्हणणारेच आधी खचले.

त्याच हनोईत अमेरिकी युद्धकैदी भिंतीवर टकटक करून बोलत. इंग्रजी अक्षरं पाच ओळी, पाच रकान्यांत मांडायची. ‘के’ वगळून त्याच्या जागी ‘सी’ वापरायचा. आधी ओळीचे ठोके, जरा थांबून रकान्याचे. ‘एच’ म्हणजे दोन ठोके, मग तीन. तारायंत्रासाठीचा मोर्स संकेत इथे अडतो, कारण त्यात लांब आणि आखूड खुणा लागतात, आणि भिंतीवरचा ठोका लांबवता येत नाही. चूक होते ती थांबण्यात: अक्षराच्या आतला आणि दोन अक्षरांमधला विराम सारखाच पडला, की पुढचं सगळं वाचन घसरतं.

पण मनाची शिस्त माणसांच्या सोबतीची जागा घेऊ शकत नाही. ‘खंबीर माणूस एकांत सोसतोच’ हा युक्तिवाद धोकादायक आहे; न सोसवलेल्यांच्या आठवणी आपल्यापर्यंत क्वचितच पोचतात. कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनुसार दिवसाचे २२ तास किंवा जास्त वेळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांहून जास्त लादण्यास मनाई आहे.