गलीना सहल: आधी टेकडीवरचं घर, मेन स्ट्रीट दुपारी
(शॉमबर्गहून एक दिवसाच्या सहलीला निघणाऱ्या प्रवाशांसाठी)

बुकिंग झालं की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "गाडी आधी मेन स्ट्रीटला का थांबवत नाही? पाच मिनिटांत कॉफी घेऊन येतो, मग ते ग्रँटचं घर बघू." (टेकडीवरचं घर ते हेच, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचं.) गावात शिरताना समोर विटांच्या जुन्या इमारतींची रांग दिसते, फज करणाऱ्या दुकानांचा गोड वास येतो आणि आठ-दहा जण खाली उतरायला अधीर होतात. आम्ही नाही म्हणतो तेव्हा थोडी नाराजी होते. ती होऊ नये म्हणून हे पत्रक. गाडीत बसण्यापूर्वी एकदा वाचा आणि भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.

उच्चार आणि नाव

गावाचं नाव इथले लोक 'गलीना' असं म्हणतात, 'ली'वर जोर देऊन. नाव आलंय धातुकावरून. शाळेत शिशाचं धातुक म्हणून पाठ केलेलं गॅलेना ते हेच. १८४० च्या दशकात अमेरिकेतलं बहुतेक शिसं या परिसरातून निघत होतं आणि गलीना नदीच्या धक्क्यावरून आगबोटींनी बाहेर जात होतं. आज वस्ती जेमतेम ३,३०० आहे. गाव ओस पडत गेलं, नवं बांधायला कुणाकडे पैसा नव्हता आणि म्हणूनच जुन्या इमारती पाडल्या गेल्या नाहीत. आपण जे बघायला जातो ते खरं तर त्या मंदीनं राखून ठेवलेलं गाव आहे.

वेळ नेमका कुठे जातो

गलीनाचे दोन भाग लक्षात ठेवा. नदीच्या पश्चिमेला मेन स्ट्रीट आणि तिच्यावर टेकडीच्या उतारावर पायऱ्यांसारखे एकावर एक रस्ते: बेंच स्ट्रीट, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट, हाय स्ट्रीट. नदीच्या पूर्वेला जुनं रेल्वे स्टेशन, ग्रँट पार्क आणि बूथिलियर स्ट्रीटच्या चढावर युलिसिस ग्रँट यांचं घर.

दुकानं संध्याकाळपर्यंत उघडी असतात. ग्रँट यांचं घर दुपार उतरली की बंद होतं, आणि शेवटची फेरी दार बंद होण्याच्या बरीच आधी आत जाते. सोमवारी-मंगळवारी ते साधारणपणे बंदच असतं, म्हणून आम्ही त्या दिवशी सहल काढत नाही, हॉटेलं कितीही स्वस्त असोत. आत स्वतःच्या मनानं फिरता येत नाही. सोबत मार्गदर्शक असतो आणि खोल्या लहान असल्यामुळे एका वेळी थोडेच लोक आत घेतात. सकाळी दहाला पोचलं तर आपला गट एक-दोन तुकड्यांत आत जातो. साडेअकराला पोचलं तर शिकागोहून स्वतःच्या गाडीनं आलेली मंडळी आधीच उभी असतात. म्हणजे कॉफीची पाच मिनिटं (जी कधीच पाच नसतात, रांग, मग वॉशरूम, मग समोरच्या दुकानातला स्कार्फ) दारापाशी तासाभराची होतात. पुढे जेवण लांबतं, मेन स्ट्रीटला मिळणारा वेळ कापला जातो आणि नदीचं दृश्य बघायला जाईपर्यंत ऊन गेलेलं असतं. एका कॉफीची किंमत चौदा जण भरतात.

कॉफी हवीच असेल तर वाटेत रॉकफर्डजवळ वीस मिनिटांचा थांबा आहे, तिथे घ्या. वॉशरूमलाही तिथेच जाऊन या.

दिवसाचा क्रम

सकाळी ७:०० शॉमबर्ग. दहा मिनिटं थांबतो, त्यापुढे नाही. रॉकफर्डपर्यंत आय-९०, पुढे महामार्ग २०. दहाच्या सुमारास ग्रँट यांचं घर. सव्वाअकराला खाली उतरून जुनं स्टेशन आणि ग्रँट पार्क. पावणेबारा ते एक जेवण. एक ते चार मेन स्ट्रीट. सव्वाचारला हॉर्सशू माउंड (मिसिसिपी दिसते ती टेकडी), पाचला परत. पावणेआठच्या आसपास शॉमबर्ग.

फ्रीपोर्टनंतर रस्ता दुपदरी आणि वळणावळणाचा आहे. इलिनॉय म्हणजे सपाट मक्याची शेतं अशी सवय झालेल्यांना हा कोपरा आश्चर्याचा वाटतो. हिमयुगातल्या हिमनद्या इथे पोचल्याच नाहीत, म्हणून टेकड्या शिल्लक राहिल्या. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या रांगेतली जागा बुकिंगच्या वेळीच मागून घ्या. गोळी घेत असाल तर फ्रीपोर्ट येण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. निघताना भरपेट पोहे नकोत, अगदी उपाशीही नको.

ग्रँट यांच्या घरात काय बघायचं

"एका माणसाचं घर बघायला एवढा अट्टहास का?" हाही नेहमीचा प्रश्न. ग्रँट १८६० मध्ये इथे आले ते वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला. भाड्याचं घर हाय स्ट्रीटवर, दुकान खाली मेन स्ट्रीटवर, म्हणजे रोजची चढउतार. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध सुरू झालं. चार वर्षांनी, १८ ऑगस्ट १८६५ ला, ते विजयी सेनापती म्हणून परतले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना हे विटांचं घर भेट दिलं. घर १८६० चंच, इटालियन धाटणीचं: रुंद छज्जे आणि त्यांना आधार देणारे कोरीव कंस. ते बाहेरूनच नीट बघा, आत गेल्यावर दिसत नाहीत. १८६८ मध्ये ग्रँट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १९०४ मध्ये ग्रँट यांच्या मुलांनी घर शहराला दिलं. आतलं बरंचसं फर्निचर खुद्द ग्रँट कुटुंबाचं आहे, म्हणून कशालाही हात लावायचा नाही. लहान मुलांचा हात धरून ठेवा, पाठीवरची मोठी सॅक गाडीतच ठेवा. ठरावीक तिकीट नाही, ऐच्छिक देणगी आहे. सुट्या नोटा जवळ असू द्या.

मुंबईच्या मंडळींसाठी एक जोड: राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर ग्रँट जगप्रवासाला निघाले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले. मुक्काम होता मलबार पॉइंटवरच्या गव्हर्नरच्या बंगल्यात. त्याच वर्षाच्या शेवटी ते गलीनाला, याच घरात परत आले.

वरच्या मजल्यावरच्या खोल्यांसाठी जिना चढावा लागतो. ज्यांना जमणार नाही त्यांनी खालच्या खोल्या निवांत बघाव्यात. बैठकीची खोली आणि जेवणघर खालीच आहेत.

"पण मिसिसिपी कुठे आहे?"

मिसिसिपी गावातून जात नाही. ती तीन-चार मैल पुढे आहे. गावातून जाते ती गलीना नदी, आणि तीसुद्धा मेन स्ट्रीटवरून दिसत नाही, कारण मध्ये पूर अडवणारा बांध आहे. मेन स्ट्रीटच्या टोकाला मोठे हिरवे दरवाजे दिसतील. अनेक जण त्याला वेस समजून फोटो काढतात. ते पूरदरवाजे आहेत. पाणी चढलं की लावून घेतात. नदी बघायची तर ग्रँट पार्कजवळच्या पादचारी पुलावर उभे राहा.

पुलावरून बघितलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "एवढ्याशा ओढ्यातून आगबोटी येत होत्या?" येत होत्या. शिसं वितळवायला आजूबाजूच्या टेकड्यांवरची झाडं तोडली, पुढे उतारांवर नांगर चालला, प्रत्येक पावसात माती वाहून आली आणि पात्र भरत गेलं. एकेकाळी तीनशे फुटांहून रुंद असलेली नदी आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही उरलेली नाही. त्यातच १८५४ मध्ये रेल्वे आली आणि बंदराचं कामच संपलं.

खरी मिसिसिपी आम्ही दाखवतो ती हॉर्सशू माउंडवरून. हवा स्वच्छ असेल तर इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन ही तिन्ही राज्यं एका जागी उभं राहून दिसतात. ऊन उतरायच्या आत पोचायला हवं आणि सकाळच्या घाईचं हे दुसरं कारण. स्वतःच्या गाडीनं येणारे बहुतेक लोक ही जागा न बघताच परत जातात.

मेन स्ट्रीटवर

तीन तास पुरतात, पण नजर पाट्यांवरच राहिली तर गाव बघितलं असं होत नाही. खालचे मजले दुकानांनी बदललेत, वरचे तसेच आहेत. समोरच्या फुटपाथवर जाऊन वर बघा: खिडक्यांच्या कमानी, विटांची नक्षी, छतालगतची पट्टी.

डिसोटो हाउस हॉटेल १८५५ चं. १८५६ मध्ये लिंकन त्याच्या सज्ज्यातून बोलले आणि १८६८ च्या निवडणुकीत ग्रँट यांचं प्रचारकार्यालय इथेच होतं. इमारत आज तीन मजली दिसते. मुळात पाच मजले होते, गावाची भरभराट संपल्यावर १८८० मध्ये वरचे दोन उतरवले. ग्रीन स्ट्रीटवरचं पोस्ट ऑफिस १८५० च्या दशकात जकातघर म्हणून बांधलं आणि अजून पोस्ट म्हणून चालू आहे. बांधकामावर देखरेख होती ईली पार्कर यांची. ते सेनेका जमातीचे मूळ अमेरिकी अभियंता. ग्रँट यांच्याशी ओळख गलीनातलीच. एप्रिल १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या सैन्यानं ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली, तिच्या अटींची पक्की प्रत पार्कर यांच्याच हातानं लिहिली गेली. रविवारी पोस्टाची खिडकी बंद असते, तिकिटं आधी घेऊन ठेवा. १८४६ चं मार्केट हाउस मेन स्ट्रीटच्या खालच्या बाजूला आहे: तळमजल्यावर बाजार, वर नगरपालिका, तळघरात कोठडी. गावातलं सगळ्यात जुनं घर म्हणजे डाउलिंग हाउस, १८२६ चं, चुनखडीच्या दगडाचं. हल्लीच्या मापानं अगदी साधं दिसतं, म्हणून लोक पुढे निघून जातात. निघू नका.

धातुकाचे चकचकीत चौकोनी तुकडे काही दुकानांत मिळतात. दिसायला लहान, पण पाण्याच्या साडेसातपट जड. भारतात न्यायचे असतील तर बॅगेचं वजन आठवा. आणि त्यात शिसं आहे: मुलांच्या हातात खेळायला देऊ नका, हाताळल्यावर साबणानं हात धुवा.

गुडघे आणि पायऱ्या

मेन स्ट्रीट चालायला सोपी आहे. अडचण आहे ती वरच्या रस्त्यांना जोडणाऱ्या जिन्यांची. जुन्या हायस्कूलकडे जाणाऱ्या जिन्याला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. "हळूहळू चढू" म्हणून ज्येष्ठ मंडळी निघतात आणि अर्ध्यावर अडकतात. तिथे गाडी पोचू शकत नाही. म्हणून ज्यांना पायऱ्या हव्यात त्यांना आम्ही प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर वरच सोडतो. तिथून गावाचा सगळा देखावा दिसतो आणि मग कठडा धरून उतरायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उतरायचंही धाडस करू नये, उतरताना गुडघे जास्त बोलतात. देखावा गाडीशेजारी उभं राहून बघा, आम्ही तुम्हाला खाली मेन स्ट्रीटवर आणून सोडतो. चाकाची खुर्ची आणणार असाल तर आधी सांगा. जुन्या दुकानांच्या दारात बऱ्याच ठिकाणी एक-दोन पायऱ्या असतात.

बूट रबरी तळाचे. चपलांनी येऊ नका, विटांचे पदपथ पावसात निसरडे होतात.

जेवण

शाकाहारींना पिझ्झा, पास्ता, सॅलड सहज मिळतं. जैन किंवा उपासाचं मिळेल या भरवशावर येऊ नका. शनिवारी साडेबारानंतर मोठ्या कुटुंबाला एकत्र टेबल मिळणं कठीण, त्यामुळे आम्ही पावणेबाराला बसतो. घरचा डबा आणलात तर उत्तम: ग्रँट पार्कमध्ये बाकं आहेत, सावली आहे आणि ग्रँट यांचा १८९१ चा पुतळाही तिथेच आहे. आमच्याकडूनही डबा मिळतो, ठेपले, बटाट्याची भाजी, दही आणि गूळपोळी. गेल्या वर्षभरात बहुतेक गटांनी तोच घेतला.

डब्यूक त्याच दिवशी?

नाही. आयोवातलं हे शहर पंधरा मैलांवर असलं तरी तिथलं मिसिसिपी नदीचं संग्रहालयच तीन तास घेतं. दोन दिवसांच्या सहलीत आम्ही ते करतो, सोबत १८८२ पासूनची ती छोटी दोरगाडी: २९६ फुटांचा रूळ, १८९ फूट चढ. मुलं दोनदा बसतात.

बुकिंग करताना

ऑक्टोबरमध्ये पानांच्या रंगांसाठी जागा लवकर भरतात. कोलंबस डेच्या शनिवार-रविवारी ग्रँट पार्कमध्ये जत्रा असते, त्या दोन दिवशी आम्ही जात नाही. गाडी लावायला जागा मिळत नाही आणि सगळा वेळ रांगेत जातो. घराच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आम्ही प्रत्येक फेरीआधी फोनवर विचारून घेतो. तुम्ही आम्हाला तीन गोष्टी बुधवारपर्यंत कळवा: पायऱ्या न चढणारे किती, गाडी लागणारे किती आणि डबे किती.