धाकाने मूल स्वतःला आवरायला शिकते का?

ठाण्याच्या तलावपाळीवर तीन वर्षांचे मूल फुग्यासाठी आकांत करू लागले की ‘घरात धाक नाही’ हा शेरा आईला हमखास ऐकावा लागतो. धाकाने मूल स्वतःला आवरायला शिकते, हा त्यामागचा समज चुकीचा आहे. धाकाने मूल तेवढ्यापुरते गप्प होते. पण स्वतःला आवरण्याची क्षमता मेंदूच्या ज्या पुढच्या भागावर बरीचशी अवलंबून असते, त्याची वाढ विशी ओलांडेपर्यंत चालू राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात कडक, सैल आणि जिव्हाळ्यासह ठाम अशा तीन पालकपद्धती मांडल्या. त्यांपैकी तिसरी पद्धत चांगल्या आत्मनियमनाशी अधिक सातत्याने निगडित आढळते. मात्र मुलाचा मूळ स्वभावही पालकांचे वागणे घडवत असतो, त्यामुळे सारा दोष आईवर टाकणे अन्यायाचे आहे. फुगा जरूर नाकारावा, परंतु मुलाला जवळ घेऊन, कारण सांगून.