रॅम्पार्ट रस्त्यावरची मागची खोली

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये नॉर्थ रॅम्पार्ट आणि ड्यूमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९४५ साली एक स्टुडिओ सुरू झाला. जे अँड एम त्याचं नाव. पुढे दुकानात रेकॉर्डी आणि विजेची उपकरणं विकायची, मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण. ते सांभाळणारे कोझिमो मटासा तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. घराणं मूळचं इटलीचं, वडिलांचा किराणा आणि ज्यूकबॉक्सचा, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवणाऱ्या यंत्रांचा, धंदा. कोझिमो रसायनशास्त्राचं शिक्षण सोडून यात पडले.

कृष्णवर्णीयांच्या संगीताला तोवर बाजारात ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाने १९४९ मध्ये अशा गाण्यांच्या आपल्या यादीचं नाव ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. पण त्या नावाच्या आधी, १९४७ मध्येच, गायक रॉय ब्राउन यांनी या खोलीत ‘गुड रॉकिंग टुनाइट’ गायलं होतं.

खोली एवढीशी, सुमारे पंधरा बाय सोळा फुटांची. त्यात पियानो, ड्रम, सॅक्सोफोनवाले आणि गायक. सुरुवातीची काही वर्षं टेपही नव्हती. सुई थेट तबकडीवर चरे कोरत जायची. शेवटच्या ओळीत कुणी चुकलं तरी तबकडी बाद, गाणं पुन्हा पहिल्यापासून. नंतर आवाज कमी-जास्त करण्याची सोय नाही, म्हणून मटासा माणसंच हलवत. कुणाला माइकजवळ घेत, कुणाला भिंतीकडे सरकवत, आणि तोल जमला की वाजवणाऱ्यांना वाजवू देत. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथेच आहे. तिथे वाजवणाऱ्या बँडचे प्रमुख डेव्ह बार्थोलोम्यू यांच्या वादकांना काय हवंय हे ते कान देऊन ऐकत, त्यावर स्वतःची छाप मारत नसत. बस, शाळा, हॉटेलं सगळीकडे वर्णभेद पाळणाऱ्या त्या शहरात एका गोऱ्या तंत्रज्ञाने कृष्णवर्णीय वादकांचं असं ऐकणं ही लहान गोष्ट नव्हे.

१० डिसेंबर १९४९ रोजी तिथे गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनो यांचं ‘द फॅट मॅन’ मुद्रित झालं. हेडफोन लावून ऐका. पियानोचा दणदणीत डावा हात, आणि ड्रमवादक अर्ल पामर यांचा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा ठोका. पुढे रॉक अँड रोलने हाच ठोका उचलला. १९५२ मध्ये लॉईड प्राइस यांचं ‘लॉडी मिस क्लॉडी’ इथलंच, १९५५ मध्ये लिटल रिचर्ड यांचं ‘टुटी फ्रुटी’ही.

१९५६ मध्ये मटासा मोठ्या जागेत गेले. जुन्या जागेत पुढे कपडे धुण्याची यंत्रं आली. दारातल्या फरशीवर ‘जे अँड एम म्युझिक शॉप’ ही अक्षरं मात्र तशीच राहिली.