जबडा आवळला की कानातला आवाज का बदलतो?

कानात सतत गुंई आवाज येतो म्हणजे मळ साचलाय किंवा पडद्याला काहीतरी झालंय, ही आपल्याकडची पक्की समजूत. मळ, वाढतं वय, कारखान्यातला किंवा डीजेचा गोंगाट ही कारणं खरीच आहेत. पण कर्णनादाचा, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात ऐकू येणाऱ्या आवाजाचा, त्रास असलेल्या माणसाला शांत खोलीत बसवून दात घट्ट आवळायला सांगा, खालचा जबडा पुढे काढायला सांगा किंवा कपाळाला तळहात लावून डोकं त्याविरुद्ध रेटायला सांगा. बऱ्याच जणांचा आवाज तेवढ्यापुरता वाढतो, कमी होतो किंवा त्याची पट्टी बदलते. कानाला तर कुणी हातही लावलेला नसतो!

मान किंवा जबड्याच्या दुखण्यानंतर त्याच बाजूच्या कानात आवाज सुरू झाला, ऐकू मात्र पूर्वीइतकंच येतंय, अशा रुग्णांकडे बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट लेविन यांनी लक्ष वेधलं. १९९९ साली त्यांनी या कोड्याचा रोख कानावरून काढून मेंदूच्या देठाकडे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या भागाकडे, वळवला. तिथे डॉर्सल कॉक्लियर न्यूक्लियस नावाचा चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. श्रवणचेता कानातून निघाली की तिचा पहिला थांबा याच परिसरात असतो. आणि इथेच जबडा, चेहरा आणि मानेच्या स्नायूंकडून येणारे संदेशही पोचतात.

आवाजाच्या केंद्रात स्नायूंचं काय काम? पापड खाताना जबडा आणि कवटीतून केवढा आवाज कानापर्यंत जातो, तरी समोरच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येतं. स्वतःच्या शरीराने केलेला आवाज मेंदूला वजा करावा लागतो, आणि त्यासाठी जबडा कधी हलतोय हे कळायला हवं. २०१७ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात हे थेट दिसलं: उंदीर पाणी चाटत असताना त्या चाटण्याच्या आवाजाला या केंद्रातल्या पेशींचा प्रतिसाद दबलेला होता.

ही वजाबाकी ज्या पेशींवर होते त्या फ्युझिफॉर्म पेशी, दोन्ही टोकांना निमुळत्या. एका टोकाला श्रवणचेतेचे तंतू जोडलेले. दुसऱ्या टोकाला ग्रॅन्यूल नावाच्या छोट्या पेशींचे समांतर तंतू, जे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल चेतेकडून आणि मानेच्या वरच्या मणक्यांजवळच्या चेतांकडून माहिती आणतात. दोन्ही संदेश कोणत्या क्रमाने आणि किती मिलिसेकंदांच्या अंतराने येतात, त्यावर जोडणी घट्ट होते किंवा सैल पडते. तोल आणि हालचाली सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कातही (मेंदूच्या मागच्या भागात) जवळपास अशीच रचना असते. निसर्गाने हाच आराखडा दोन ठिकाणी वापरला, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता गोंगाटाने श्रवणचेतेचे काही तंतू निकामी झाले असं समजा. गिनीपिगवरच्या प्रयोगांत दिसलं की अशा वेळी स्नायूंकडून येणाऱ्या जोडण्या वाढतात. बाहेर आवाज नसतानाही फ्युझिफॉर्म पेशी जास्त आणि एकसाथ संदेश सोडू लागतात. मेंदूतले श्रवणाचे वरचे टप्पे त्याला आवाजच समजतात. रात्री दात खाणारा किंवा दिवसभर मान पुढे काढून स्क्रीनकडे बघणारा माणूस याच वाटेने आखडलेल्या स्नायूंचे संदेश पाठवत राहतो. ताणामुळे दात आवळले जातात, आवाज वाढतो, आवाजाने पुन्हा ताण.

मान आखडली म्हणून सलूनमध्ये ती कडकन मोडून घेणं मात्र ताबडतोब बंद करा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. अशा झटक्याने धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. कानात कोमट तेल सोडूनही काही साधत नाही, मेंदूच्या देठापर्यंत ते पोचत नाही.

मिशिगन विद्यापीठाच्या सुझन शोर यांनी संदेशांच्या त्या क्रमालाच हात घातला. कानात आवाज आणि गालावर किंवा मानेवर सौम्य विद्युत स्पंद, दोन्ही मोजून ठरवलेल्या अंतराने. २०१८ मध्ये २० जणांवर, रोज अर्धा तास असे चार आठवडे, आणि २०२३ मध्ये ९९ जणांवर चाचणी झाली. कर्णनाद सौम्य झाला, पण सगळ्यांचा नाही. शिवाय निवडलेले सारे जण जबडा-मान हलवल्यावर आवाज बदलणारेच होते.

म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलात की जबडा आवळल्यावर आवाज बदलतो का, हे आवर्जून सांगा. बदलत असेल तर फिजिओथेरपिस्ट आणि दंतवैद्य यांचीही मदत होऊ शकते. आवाज नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर मात्र मानेच्या व्यायामात दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.