गोल गळपट्टा

गोल गळपट्टा : मफलरची दोन्ही टोके एकमेकांना जोडून, किंवा सुरुवातीपासूनच वेढ्यात बिनजोड विणून केलेले गळ्याचे लोकरी वस्त्र. ते डोक्यावरून घालतात. गाठ मारायला किंवा खोचायला त्याला टोकच नसते. आखूड प्रकार गळ्याभोवती एकदाच बसतो. त्याचा घेर ५५ ते ६५ सेंमी. आणि उंची २० ते २५ सेंमी. ठेवतात. लांब प्रकाराचा घेर १४० ते १६० सेंमी. असतो, मध्ये एक पीळ देऊन त्याचे दोन वेढे करतात. दुकानात आखूडाला ‘काऊल’ आणि लांबाला ‘इन्फिनिटी स्कार्फ’ म्हणतात. घरात दोन्हींना गोल मफलर एवढेच नाव पुरते.

नागपूरच्या थंडीला हे वस्त्र इतके मानवते, की ते इथल्याच कोणी शोधून काढले असावे असे वाटावे; तसे ते नाही. शहर समुद्रापासून फार आत, हिवाळ्यात हवा कोरडी. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते आणि उत्तरेचा वारा सुटला की पारा एकदम खाली येतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे ३.५ अंश सेल्सिअस इतके कमी तापमान नोंदले गेले. एरवी डिसेंबरात पहाटे १२-१३ अंश असतात आणि दुपारी २८ च्या आसपास. म्हणजे सकाळी सातला कुडकुडणारा माणूस दुपारी एकला स्वेटर कुठे ठेवू म्हणून हैराण असतो. हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून बॅगभर गरम कपडे घेऊन येणाऱ्यांना हे दुसऱ्या दिवशी कळते. गळपट्टा काढला की गाडीच्या डिकीत मावतो.

दुसरे कारण दुचाकीचे. गाडीवर थंडी शिरते ती कॉलरमधून. साध्या मफलरची टोके वाऱ्याने सुटून मागच्या चाकात अडकण्याची भीती असते. ओढणीने आणि साडीच्या पदराने असे अपघात होतात हे सर्वांना ठाऊक आहे. गोल गळपट्ट्याला सुटे टोक नसल्याने ही धास्ती राहत नाही. मात्र फार जाड विणला तर हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसत नाही, म्हणून गाडीवाल्यासाठी मध्यम जाडीची लोकर घ्यावी.

मराठीत हातमागावर कापड विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात, क्रियापद एकच. क्रिया मात्र अगदी वेगळ्या. नागपूर हे मुळात मागाचे गाव. इथल्या कोष्टी विणकरांची लुगडी प्रसिद्ध होती आणि १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथेच सुरू झाली. मागावर ताणा आणि बाणा असे दोन दिशांचे धागे एकमेकांना छेदतात. सुयांवरच्या विणीत धागा एकच. आधीच्या फाशातून नवा फासा ओढून घ्यायचा, बस. म्हणून ही वीण ताणली जाते, सोडली की परत जागेवर येते, फाशांच्या पोकळीत हवा धरून ठेवते आणि एक टोक ओढले तर सगळी उसवते. या कलेचे इजिप्तमध्ये सापडलेले सर्वांत जुने नमुने बहुतेक सुती आहेत, हे कापसाच्या मुलखात मुद्दाम सांगण्यासारखे. तरी सुती धाग्याचा गळपट्टा जड होतो, लोंबतो आणि ऊबही कमी देतो. नोव्हेंबरपुरता तो ठीक.

लोकर म्हणजे खरे तर मेंढीचे केस. पण इतवारी-बर्डीच्या बाजारात ‘लोकर’ म्हणून मागितले की हातात पडतो तो बहुधा ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याचा गुंडा. तो स्वस्त असतो, टोचत नाही, त्याला कसर लागत नाही. खरी लोकर त्याहून उबदार, आणि थोडी दमट झाली तरी ऊब धरते. लांब गळपट्ट्याला सुमारे २०० ग्रॅम, आखूडाला त्याच्या निम्मी लोकर लागते. सुया घेताना नवख्यांचा एक गोंधळ ठरलेला. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते : १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी., ८ म्हणजे ४ मिमी., ६ म्हणजे ५ मिमी. गळपट्ट्याला ६ किंवा ८ नंबर योग्य.

विणायच्या दोन रीती आहेत. सोपी रीत सरळ सुयांची. ३६ ते ४० टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणत जायचे, पट्टी १५० सेंमी. झाली की टाके बंद करून दोन्ही टोके बोथट सुईने शिवायची. जोड मानेमागे जातो, दिसत नाही. प्रत्येक ओळ सुलट असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा वळत नाहीत. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

दुसरी रीत गोल सुईची, म्हणजे लवचीक दोरीने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईची. आधी हाताचा नमुना काढावा, म्हणजे एक लहान चौकोन विणून टाके मोजावेत. १० सेंमी.मध्ये १८ टाके बसत असतील, तर ६० सेंमी. घेराला १०८ टाके लागतात. ही संख्या चाराने भागली जाते, म्हणून दोन सुलट दोन उलट अशी वीण अडखळत नाही. सुई घेरापेक्षा लहान हवी. या मापाला ४० सेंमी.ची. गोलात विणताना नेहमी सुलट बाजूच समोर असते, त्यामुळे सगळे टाके सुलट विणले तर वीण गुळगुळीत येते पण कडा गुंडाळतात. वर-खाली चार-पाच फेऱ्या एक सुलट एक उलट अशी पट्टी घालावी.

खरी मेख पहिल्या फेरीत आहे. जोडण्यापूर्वी सगळ्या टाक्यांची खालची कड सुईच्या आतल्या बाजूला सरळ लावून बोटाने चाचपून पाहावी. ती एका जागी सुईवरून वर वळलेली राहिली तर वेढ्याला कायमचा पीळ बसतो, आणि तो दिसतो चार बोटे वीण वर आल्यावर. मग शेजारची आजी चष्मा सरसावून म्हणते, ‘काहून वो, पाह्यलं नाही का आधी?’ उसवण्याला पर्याय नसतो. अशा चुकलेल्या वेढ्याला ‘मोबियस’ (अर्धा पीळ देऊन जोडलेली, एकाच कडेची पट्टी) म्हणण्याची पद्धत आहे, पण ते बरोबर नाही. चुकून बसलेला पीळ पूर्ण असतो, वरची आणि खालची कड वेगळ्याच राहतात. मोबियसची पट्टी हवी असेल तर सरळ विणलेल्या पट्टीचे एक टोक शिवण्यापूर्वी अर्धे फिरवावे. मग कडेवर बोट फिरवत गेले तर सगळा गळपट्टा ओलांडून बोट निघाले तिथेच परत येते. कड एकच उरते. हा प्रकार गळ्यावर छान बसतो, कारण पुढे आपोआप एक मोड पडते.

हिवाळ्यात शहरात तिबेटी विक्रेते गरम कपड्यांची दुकाने मांडतात. तिथले गळपट्टे बहुधा यंत्रावर विणलेले असतात; वीण एकसारखी, बारीक, किंमत हातविणीच्या लोकरीएवढीच. हिशेब मांडणाऱ्याने घरी विणू नये.

खऱ्या लोकरीचा गळपट्टा कोमट पाण्यात रिठ्याने, न चोळता धुवावा. चोळला किंवा गरम पाण्यात घातला तर आटून नमद्यासारखा होतो. वाळवताना दोरीवर टाकू नये, ओझ्याने लांबतो. ॲक्रिलिकला गरम इस्त्री लागली की वीण कायमची सपाट, निर्जीव होते. पावसाळ्यापूर्वी खऱ्या लोकरीचे कपडे डांबरगोळी घालून बंद करतात.

बऱ्याच घरांत गळपट्ट्याला नवी लोकर आणलीच जात नाही. मुलाला लहान झालेला स्वेटर उसवतात, निघालेला कुरळा धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करतात, खरी लोकर असेल तर ती ओली करून वजन टांगून वाळवतात. धागा सरळ झाला की पुन्हा गुंडा. बाह्या आणि पाठ मिळून एक गळपट्टा सहज होतो. कोपराला विरलेला धागा तेवढा काढून टाकावा लागतो.